वटवाघळाचं अत्तर

कॅनडातल्या टोरोंटो शहरात व्हिक्टर वाँग नावाचे गृहस्थ वटवाघळाचं परफ्यूम विकतात आणि लोक ते चांगले पैसे मोजून घेतात. आमच्या आजोळच्या वाड्यात माळ्यावर खरी वटवाघळं होती, वास चोवीस तास फुकट होता, तरी भाडेकरू टिकत नसे.

वाँग यांचं हे एकच अपत्य असतं तर आपण समजून घेतलं असतं. पण झूलॉजिस्ट या त्यांच्या कंपनीच्या यादीत बीव्हर आहे, गेंडा आहे, उंट, हत्ती, मधमाशी, गाय आहे. समुद्रातला स्क्विड आहे. एवढ्यावर भागलं नाही म्हणून टायरॅनोसॉरस रेक्सही आहे. प्रत्येक बाटलीवर त्या त्या प्राण्याचं चित्र असतं आणि प्राणी रानात चरताना वगैरे दाखवलेला नसतो. व्हिक्टोरियन काळातले भारी कपडे अंगावर, चेहऱ्यावर कमालीचं गांभीर्य. एखाद्या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात माजी अध्यक्षांच्या तैलचित्रांच्या रांगेत यातला गेंडा टांगला, तर दोन-तीन वार्षिक सभा तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

हे वाँग मुळात अत्तरकार नाहीत. ते व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातले डिझायनर. परफ्यूमचा नाद लागला, बाटल्या जमत गेल्या, आणि 2013 साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. हा प्रवास कळायचा असेल तर आधी परफ्यूम जमवणारा माणूस जवळून बघायला हवा. माझ्या सुदैवाने आमच्या स्नेह्यांत असा एक आहे.

हा माणूस गर्दीतही ओळखू येतो, कारण तो स्वतःचं कोपर हुंगत असतो. त्याची अडचण समजून घ्या. दुकानात नमुने वीस असतात आणि मनगटं दोनच. मग डाव्या मनगटावर एक, उजव्यावर दुसरं, तिसरं कोपराच्या आतल्या खोबणीत, चौथं हाताच्या पाठीवर. परतीच्या लोकलमध्ये तो आळीपाळीने एकेक ठिकाण नाकाशी नेतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि मध्येच तोंड वाकडं करतो. शेजारचा प्रवासी हळूच सरकून बसतो. संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये माणसाला ऐसपैस बसवणारा दुसरा छंद माझ्या पाहण्यात नाही.

त्याच्या घरी गेलात तर चहाच्या आधी कागदाच्या पट्ट्या येतात. लांब, अरुंद, पांढऱ्या. तो पट्टीच्या टोकावर एक फवारा मारतो, पट्टी हवेत दोनदा हलवतो आणि आपल्या नाकापुढे धरतो. आपण भाबडेपणाने ‘वा, छान’ म्हणतो. यावर त्याला अतीव दुःख होतं. ‘अरे, अजून उघडलं कुठंय ते? हे नुसतं ओपनिंग आहे. ड्रायडाउनला बघ.’ ड्रायडाउन म्हणजे अल्कोहोल आणि वरवरचे वास उडून गेल्यावर तळाशी जे उरतं ते. त्याला तीन-चार तास लागतात. आपण चहा प्यायला आलेलो असतो. ओपनिंग, ड्रायडाउन, प्रोजेक्शन, कुठलं किती तास टिकलं, ही चर्चा कसोटी सामन्याच्या खेळपट्टीबद्दल चालली आहे असं वहिनींना लग्नानंतर बरेच दिवस वाटत असे.

वहिनी बँकेत होत्या. त्यांनी एका रविवारी हिशोब मांडला. 100 मिलीची बाटली, एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली, म्हणजे बाटलीत हजार फवारे. रोज चार मारले तरी बाटली आठ महिने पुरणार. एवढं सांगून त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

‘अहो, हे संपवायला नातवंडं लागतील. आणि आपल्याला एकच मुलगी आहे, ती डिओ वापरते.’

कपाटाचा विषय त्या घरात नाजूक आहे. परफ्यूमला उजेड आणि उष्णता सोसत नाही, म्हणून घरातलं सगळ्यात अंधारं आणि थंड कपाट बाटल्यांना गेलं. तिथे आधी पैठण्या होत्या.

अशा कोंडीत सापडलेल्या संग्राहकापुढे दोनच वाटा असतात. एक म्हणजे संग्रह विकून टाकणं. ही वाट कुणी घेत नाही. दुसरी म्हणजे कंपनी काढणं. कंपनी काढली की कपाटातल्या बाटल्यांचं रातोरात संदर्भसाहित्य होतं, खर्चाची गुंतवणूक होते आणि कोपर हुंगणं हे कामकाजाच्या वेळेत मोडतं. जगभर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत छोट्या, स्वतंत्र परफ्यूम कंपन्यांचं जे पीक आलंय, त्यातल्या किती कंपन्या नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला द्यायच्या उत्तरातून जन्मल्या, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

पण वाँग यांच्या बाबतीत एवढा टोमणा मारून सुटका होत नाही. कारण वटवाघूळ खरोखर चांगलं निघालं.

मोठ्या कंपनीचं परफ्यूम कसं बनतं ते बघा. आधी कंपनी एक मागणीपत्र काढते: तरुण, आत्मविश्वासू, शहरी स्त्री, सायंकाळ, थोडं गूढ. ते जिवोदां, आयएफएफ, सिमराइज अशा बड्या सुगंधगृहांकडे जातं. तिथले अत्तरकार नमुने धाडतात, नमुने ग्राहकांच्या गटांना हुंगवले जातात, ज्यावर नाकं मुरडली गेली ते बाद होतात. असं गाळत गाळत शेवटी जे कुणालाच खटकत नाही ते निवडून येतं आणि विमानतळावरच्या दुकानात दिव्याखाली जाऊन बसतं. ते वाईट नसतं. ते कुणाचंच नसतं, एवढंच. नाव झाकून हुंगायला दिलं तर त्याच्या सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाही.

आता ज्याने अशी शे-दीडशे गुणी, गोड, सालस परफ्यूम आधीच पोटभर हुंगली आहेत, त्या माणसाला आणखी एक सालस परफ्यूम काढावंसं कशाला वाटेल? त्याचं सुगंधाने पोट भरलेलं असतं. त्याला आता ओली माती हवी असते, धूर हवा असतो, पिकून काळं पडलेलं केळं हवं असतं. म्हणून वटवाघळाचं परफ्यूम काढण्याचं धाडस उद्योगपतीला होत नाही, संग्राहकाला होतं. त्यासाठी लागणारा कंटाळा फक्त त्याच्याकडे असतो.

आणि त्याला स्वतःला बनवता येत नाही, हे उलट पथ्यावरच पडतं. आपल्याकडे प्रत्येक घराण्यात एक काका असतात. आयुष्यात हाती झारा धरलेला नाही, पण पंगतीत पहिला घास घेतल्याबरोबर ‘आमटीत गूळ आधी घातलाय, चिंचेच्या आधी’ हे सांगणार, आणि ते खरं निघणार. वाँग हे परफ्यूमच्या जगातले असे काका आहेत. ते प्राणी ठरवतात, कल्पना सांगतात आणि जगभरातल्या स्वतंत्र अत्तरकारांना कामाला लावतात. नमुना आला की हुंगून परत पाठवतात. अत्तरकार मनात काय म्हणत असतील ते आपल्या घरच्या आचाऱ्याला विचारावं.

वटवाघळासाठी त्यांना जी व्यक्ती मिळाली ती कादंबरीत घातली असती तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून छाटली असती. एलन कोव्ही या सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्राध्यापक. त्यांच्या संशोधनाचा विषय वटवाघळांचं ऐकणं, म्हणजे अंधारात प्रतिध्वनीवरून त्यांचा मेंदू वाट कशी काढतो हे. फावल्या वेळात त्या ऑर्किडं वाढवतात आणि परफ्यूम बनवतात. अशी बाई पृथ्वीवर एकच असावी, आणि ती नेमकी वटवाघळाचं परफ्यूम हवं असलेल्या माणसाला सापडली. विवाहमंडळांनी या योगाची नोंद घ्यावी. कोव्हीबाईंनी फळं खाणारी वटवाघळं डोळ्यांसमोर ठेवली: केळं, रसाळ फळं, गुहेतली ओल, चुनखडीचा दगड, थोडं चामडं. 2016 साली या परफ्यूमला ‘आर्ट अँड ऑल्फॅक्शन’ पुरस्कार मिळाला. स्वतंत्र अत्तरकारांच्या जगात हा मोठा मान. पुरस्कार म्हणून सोन्याच्या रंगाचं नासपती देतात. नासपतीच का, असं विचारू नये. आपल्याकडे शाल आणि नारळच का, हे तरी कोण विचारतं?

टायरॅनोसॉरसचं काम त्या मानाने सोपं. ते इटलीतल्या अंतोनियो गार्दोनी यांनी केलं. हे गृहस्थ मूळचे वास्तुकलेतले. त्यात धूर आहे, राळ आहे, चामडं आहे. प्राणी सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला असल्यामुळे ‘हुबेहूब नाही’ ही तक्रार ग्राहक मंचात टिकणार नाही.

इथे काही वाचकांचं नाक मुरडलं गेलं असेल. त्यांना सांगायला हवं की प्राणी आणि अत्तर हे नातं टोरोंटोत जमलेलं नाही, ते फार जुनं आहे. कस्तुरी तर सगळ्यांना माहीत. जवादी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून निघणारा लोण्यासारखा पदार्थ अत्तरात शतकानुशतकं वापरला गेला. तिरुमलाच्या बालाजीला शुक्रवारच्या अभिषेकात लागणारं पुनुगु तेल याच मांजराचं. बीव्हर हा कॅनडाचा राष्ट्रीय प्राणी, त्यांच्या पाच सेंटच्या नाण्यावर बसलेला. त्याच्या शेपटीजवळच्या पिशव्यांतून येणाऱ्या कॅस्टोरियमने युरोपातल्या कितीतरी उंची परफ्यूमना चामड्याचा रुबाब दिला. सगळ्यांत वरताण हायरॅक्स. आफ्रिकेत खडकांच्या कपारीत राहणारा हा सशाएवढा प्राणी. त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठरलेल्या जागी मलमूत्र करतात. ते साठत साठत, वाळत वाळत शेकडो वर्षांनी दगड होतं. मग अत्तरवाला येतो, तो दगड फोडून नेतो आणि आदराने अल्कोहोलमध्ये भिजवतो. प्राण्याला काडीची इजा होत नाही. त्याला बहुधा कुणी सांगितलेलंही नसतं.

यातलं काहीही थेट हुंगलं तर पोटात ढवळतं. पण कणभर घातलं की फुलांच्या वासात जीव येतो, नाहीतर ती प्लास्टिकची वाटतात. निसर्गही हेच करतो. मोगऱ्याच्या सुगंधात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं, आणि तेच द्रव्य विष्ठेतही असतं. हे वाचून कुणी गजरा उतरवू नये. उतरवला तर मोगऱ्याचं काही बिघडत नाही, संध्याकाळ मात्र बिघडते.

आज या धंद्यात मांजराला आणि हरणाला बहुतेक सुट्टी मिळाली आहे, ती रसायनशास्त्रामुळे. झुरिकमधल्या लिओपोल्ड रुझिच्का यांनी कस्तुरी आणि जवादी यांच्या गंधद्रव्यांची रचना उलगडली. ती कार्बन अणूंची मोठमोठी कडी निघाली, एवढी मोठी की तशी कडी टिकूच शकत नाहीत असं तोवर शास्त्रज्ञांना वाटायचं. रुझिच्कांना 1939 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा. मांजराच्या शेपटीखाली नाक घालून थेट स्टॉकहोमला पोहोचलेला दुसरा माणूस इतिहासात नाही. झूलॉजिस्टच्या बाटल्यांतही प्राण्यांचे वास बहुतेक कारखान्यात घडवलेले असतात.

तर आमच्या स्नेह्यांनीही कंपनी काढायचं ठरवलं. नाव ठरेना, पण पहिली तीन परफ्यूम ठरली. त्यातलं मुख्य होतं ‘शाळेचा पहिला दिवस’. जून महिना. नव्या वह्यांना घातलेली खाकी कव्हरं, नव्या रेनकोटचं रबर, दप्तराचं कॅनव्हास, तासलेल्या पेन्सिलीचं लाकूड आणि तळाला, ड्रायडाउनमध्ये, ओले मोजे. त्यांनी हे डोळे मिटून सांगितलं. मला खरंच रेनकोट आठवला.

वहिनी म्हणाल्या, ‘ओले मोजे घरात आहेतच. बाल्कनीत. त्याला दोन हजार रुपये कोण देणारे?’

‘अगं, ती नुसती एक नोट आहे. अगदी थोडी.’

‘थोडी असू दे नाहीतर जास्त. वाळत घाला आधी.’

वहिनींच्या आक्षेपापेक्षा मोठं संकट पुढे होतं. संग्राहकाला वाटतं, परफ्यूमचा धंदा म्हणजे नव्वद टक्के नाक. प्रत्यक्षात तो नव्वद टक्के झाकण आहे. काचेचा कारखाना पाच-पन्नास बाटल्यांची ऑर्डर घेत नाही, त्याला हजारांत बोलायचं असतं. बाटली एका ठिकाणची, पंप दुसरीकडचा, झाकण तिसरीकडचं. तिन्ही एकमेकांना भेटल्यावर गळतात. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खातं आलं. परफ्यूम हे सौंदर्यप्रसाधन, म्हणजे 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली परवाना आला. माल ज्वालाग्राही, त्यामुळे विमानाने पार्सल पाठवायचं तर फटाके पाठवल्यासारखे प्रश्न विचारतात. अर्क अल्कोहोलमध्ये घातला की आठवडेच्या आठवडे मुरू द्यावा लागतो, आणि त्या काळात संस्थापकाने तो दर दोन तासांनी उघडून हुंगायचा नसतो. शेवटचं कलम आमच्या स्नेह्यांना सगळ्यांत जाचक वाटलं.

शिवाय इफ्रा. ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, स्थापना 1973. कुठलं द्रव्य त्वचेला किती प्रमाणात चालेल याच्या मर्यादा ती घालून देते. ओकमॉस नावाचं शेवाळी वासाचं दगडफूल, ज्याच्या जिवावर युरोपातली जुनी परफ्यूम उभी होती, ते काही लोकांना अंगावर उठतं म्हणून आता चिमूटभरच घालता येतं. लिलियल नावाचं फुलांच्या वासाचं लोकप्रिय रसायन युरोपीय संघाने 1 मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपारच केलं. असा नियम आला की परफ्यूमचा जुना पाठ, म्हणजे कृती, मोडून नवा बसवावा लागतो. आणि संग्राहकाच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुःख हेच असतं, पाठ बदलणं. ‘पूर्वीचं राहिलं नाही’ हे त्याचं राष्ट्रगीत. जुन्या बॅचची बाटली मिळावी म्हणून तो अनोळखी माणसांना पैसे पाठवतो.

आता काव्यगत न्याय बघा. वाँग यांनीही आपले प्राणी बदलले. नियमांमुळेच असं नाही, मन भरलं नाही म्हणूनही असेल. पण बीव्हर नवा आला, पांडा नवा आला, आणि 2020 मध्ये पुरस्कारविजेत्या वटवाघळाचीसुद्धा नवी आवृत्ती आली, ती एका थाई अत्तरकाराने केलेली. त्याबरोबर जगभरचे संग्राहक जुनं वटवाघूळ शोधायला धावले. एकेकाळी त्या रांगेत उभा असलेला माणूस आता काउंटरच्या पलीकडे होता.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा कनौजला जाऊन यावं. तिथे भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगीत घालून, त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवून, पहिल्या पावसाचं अत्तर काढतात. गुहेची ओल विकणारे टोरोंटोकर या मंडळींपुढे कालची पोरं. आणि मराठी माणूस या धंद्यात नाही म्हणायचीही सोय नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी मुंबईत 1922 पासून सुगंधद्रव्यं बनवते आहे. साबणापासून उदबत्तीपर्यंत अनेक वस्तूंत त्यांचा वास असतो आणि वेष्टणावर नाव दुसऱ्याचं. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात परफ्यूमचा रीतसर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आमच्या स्नेह्यांनी तिथे चौकशी केली. रसायनशास्त्राची पदवी लागेल म्हणाले. यांची वाणिज्य शाखेची. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला होता.

स्नेह्यांची कंपनी अजून निघालेली नाही. ‘शाळेचा पहिला दिवस’ एका काचेच्या कुपीत मुरतो आहे, मी तो हुंगला आहे आणि माझं प्रामाणिक मत असं की रेनकोट उत्तम जमलाय, मोजे कमी करावेत.

वाचकांपैकी कुणाला या वाटेला जायचंच असेल तर पूर्ण बाटलीत पैसे घालू नका. या छोट्या कंपन्या दोन-दोन मिलीच्या कुप्या विकतात, त्या मागवा. मनगटावर मारल्यावर दुसरं मनगट त्यावर घासू नका. पहिल्या पाच मिनिटांत मत देऊ नका. संध्याकाळी काय उरलंय ते बघा. आणि लग्नाच्या पंगतीला जाताना कृपा करून दोनच फवारे मारा. शेजारच्या पानावरच्या माणसाला मसालेभाताचा वास घ्यायचा असतो.